कापसाच्या खोलीतला माइक

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही वस्तू घाईने घेतली नाही, आणि बऱ्याच वस्तू घेतल्याच नाहीत. कुठल्याही खरेदीआधी तिचा ‘तपास’ करायचा असा त्यांचा दंडक होता, आणि हा शब्द ते पोलिसांपेक्षा गांभीर्याने वापरत. लेक झाली तेव्हा त्यांनी पाळण्याचा तपास सुरू केला. सागवानी बरा की लोखंडी, कड्या पितळी की स्टीलच्या, याचा निकाल लागेपर्यंत पोरगी शेजारच्या अंगणातून पेरू चोरून आणायला लागली होती. कुलरचा तपास दरवर्षी होळीला सुरू होई आणि पाऊस लागला की पुढच्या वर्षावर जाई. कुलर बसवायचा म्हणून खिडकीचे दोन गज मात्र त्यांनी आगाऊ कापून ठेवले होते. त्या वाटेने मांजर ये-जा करी.

मी त्यांच्या सिंदी मेघेच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली होती. खोली पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्नाचंही विचारलं नाही. समोर पडलेलं वर्तमानपत्र हातात दिलं आणि म्हणाले, “वाचून दाखवा, सर. मोठ्यानं.” मी सोयाबीनवरच्या खोडमाशीची बातमी वाचली. त्यांनी डावा कान बोटाने बंद करून ती उजव्याने ऐकली. “आवाज बसका आहे,” ते आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणाले, “पण भांडखोर नाई.” एवढं होऊनही खोली मिळायला दोन महिने लागले. तोवर मी लॉजवर होतो आणि माझा तपास चालू होता.

ते मूळचे शेतकरी. आर्वी रोडला शेत होतं, त्यात कापूस, थोडी तूर. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते सूत्रसंचालक म्हणून. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन असो, कबड्डीचे सामने असोत की तलाठ्याचा निरोप समारंभ, माइकपाशी हेच. आणि माइक हातात आला की हा गृहस्थ आमूलाग्र बदले. घरी “काऊन वं, चहा झाला नाई काय अजून?” असं विचारणारा माणूस व्यासपीठावर “आता अल्पोपाहाराचा कार्यक्रम संपन्न होत आहे, तरी सर्वांनी त्याचा सस्नेह आस्वाद घ्यावा” असं म्हणे. त्यांचं खरं वैभव नाव पुकारण्यात होतं. साधा सोसायटीचा सचिव असला, तरी त्याचं नाव ते अशा काही थांब्यांनी, चढउतारांनी आणि पदव्यांनी पुकारत, की तो इसम खुर्चीतून उठताना स्वतःच स्वतःला मागे वळून शोधे. लोक त्यांना बोलवत ते बहुधा यासाठीच. स्वतःचं नाव असं ऐकायला कोणाला नको असतं?

असं असल्याने ध्वनी या विषयावर त्यांच्या घरात दुसऱ्या कोणाला मत नव्हतं. कलिंगड, मडकं, दार, नवा शिक्षक, सगळं ते वाजवून पाहत.

त्यांची लेक पल्लवी बी.एस्सी. झालेली, शिकवण्या घेणारी, आणि रॅप करणारी. वऱ्हाडीत. मला रॅपमधलं काही कळत नाही, पण ती जिन्यात बसून म्हणायची तेव्हा मी पुस्तक मिटून ऐकत असे, आणि हे मी फार थोड्या लेखकांसाठी केलं आहे. रॅपसाठी तिने नाव घेतलं होतं ‘बोंडअळी’. हे घरमालकांना कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत.

“साऱ्या वऱ्हाडाचा कापूस खाल्ला तिनं,” ते म्हणाले, “अन् तुले तेच नाव सापडलं?”

“म्हणूनच तं घेतलं,” पल्लवी म्हणाली. “नुसतं नाव घेतलं तरी सारे दचकते.”

“फुलपाखरू घ्याचं होतं.”

“फुलपाखराले कोन भेते, बाबा?”

नागपूरला रॅपची एक स्पर्धा होती. पहिल्या फेरीसाठी गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं. पल्लवीने फोनवर केलं आणि पाठवलं. तिकडून उत्तर आलं की शब्द उत्तम, दम उत्तम, पण मागे शिट्टी वाजवणारी व्यक्ती कोण? ती व्यक्ती म्हणजे कुकर होता. नीट माइकवर, स्वच्छ आवाजात पुन्हा पाठवा, होळीच्या आधीच्या रविवारपर्यंत मुदत. पल्लवीकडे शिकवण्यांचे थोडे पैसे साठले होते, त्यात बसेल असा माइक ती दुकानात जाऊन घेणार होती. चप्पल घालून ती दाराशी पोचली, तेवढ्यात घरमालकांनी विचारलं, “कुठी चालली?”

“माइक घ्याले.”

ते उठून उभे राहिले. इंजिनीअरच्या घरातल्या पोराने नळ दुरुस्तीला माणूस बोलावला, तर त्या इंजिनीअरचा चेहरा जसा होईल तसा त्यांचा झाला. “या घरात मी असताना तू माइक दुकानदाराले विचारून घेशीन? काढ चप्पल. मी पाह्यतो.”

काकू आतून म्हणाल्या, “झालं. पोट्टीचं बी.एड. नक्की झालं.” कारण तसंच ठरलं होतं. यंदा स्पर्धेत काही झालं तर ठीक, नाहीतर पल्लवीने मुकाट्याने बी.एड.चा अर्ज भरायचा. तो तिने स्वतः कबूल केलेला सौदा होता. तेव्हा तिला वाटलं होतं की माइक घ्यायला एक दुपार लागते.

मग तपास सुरू झाला आणि त्यात मी ओढला गेलो, कारण माइकची परीक्षणं इंग्रजीत होती. रोज संध्याकाळी मला खाली बोलावणं येई. मी फोनवरून वाचून मराठीत सांगायचो. हा आवाज उबदार आहे. हा काळसर आहे. हा वरून कुरकुरीत आणि आतून मऊ आहे. घरमालक डावा कान बंद करून हे ऐकत.

“सर,” काकूंनी एकदा न राहवून विचारलं, “माइकचं वाचून राह्यले का भज्यायचं?”

खरं सांगायचं तर मलाही नक्की सांगता आलं नसतं. पुस्तकांची परीक्षणं मी आयुष्यभर वाचत आलो, पण पुस्तक न वाचता परीक्षण लिहायची कला या माइकवाल्यांनी आमच्या लोकांपेक्षा खूपच पुढे नेली आहे, असं माझं मत झालं.

दोन आठवड्यांत घरमालक पारंगत झाले. बाजारात स्वस्त माइक दोन जातींचे असतात, हे ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एक कंडेन्सर. तो नाजूक, हलक्या कानाचा, खोलीतलं सगळं ऐकणारा. दुसरा डायनॅमिक. तो जाड कातडीचा, तोंडाशी धरला तरच ऐकणारा. “म्हंजे एक सून अन् एक जावई,” असं ते समजावत. रॅपसाठी दोन्ही चालतात, पण खोली कशी आहे त्यावर ठरतं, इथवर ते बरोबर होते. ठरवत मात्र नव्हते.

ठरत नव्हतं म्हणून मग त्यांनी माइक सोडून बाकी सगळं घेतलं. माइकचा स्टँड आला. कानांवर लावायचे मोठे हेडफोन आले. माइक आणि लॅपटॉप यांच्यामधली छोटी पेटी आली. ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना तोंडातून जो वारा सुटतो तो माइकवर आदळू नये म्हणून पुढे लावायची गोल जाळी आली. हादरे बसू नयेत म्हणून माइक ज्यात टांगतात तो रबरी झोकाही आला. काकूंनी झोका पाळण्यासारखा हलवून पाहिला. “पायना राह्यला होता,” त्या म्हणाल्या, “तो आला एकदाचा.” बैठकीत हे सगळं ओळीने मांडून ठेवलेलं असे, लग्नघरातल्या रुखवतासारखं. नवरदेव तेवढा यायचा होता.

पल्लवी शिकवणी आटोपून येई, त्या रिकाम्या झोक्याकडे पाही आणि माझ्याकडे पाही. मी ग्रंथपाल असल्यामुळे गप्प राहण्याचा मला सराव आहे.

पुढचा प्रश्न खोलीचा होता. घर रस्त्यालगत, समोर पिठाची गिरणी, शेजारी लहान मुलं, घरात कुकर. खोलीचा तपासही लांबला असता, पण तो मांजराने सोडवला.

घरमालकांच्या घरातली सर्वांत मोठी खोली दिवाळीपासून बंद असे, कारण तिच्यात कापूस होता. वेचून आणलेला सगळा कापूस खालून आढ्यापर्यंत भरलेला, दारापाशी माणूस उभा राहील एवढीच जागा. आमच्याकडे हे नवं नाही. भाव चढेपर्यंत कापूस घरातल्या माणसासारखा घरात राहतो, फक्त जास्त जागा अडवतो, आणि ऊन तापायला लागलं की सगळ्या घराला खाज सुटते. घरमालकांना भाव पसंत पडत नव्हता, कारण त्याचाही तपास चालू होता. तर एके दिवशी खिडकीतून आलेलं मांजर कापसात शिरलं, त्याच्या मागे पल्लवी शिरली, दार मागच्या मागे लागलं, आणि थोड्या वेळाने ती डोक्यावर कापसाचे पुंजके घेऊन बाहेर आली.

“बाबा, तिथी कुकर ऐकूच येत नाई!”

आम्ही सगळे पाळीपाळीने आत जाऊन आलो. दार लावल्यावर आतली शांतता विलक्षण होती. टाळी वाजवली तर ती हातातल्या हातात विझत होती. शहरात लोक भिंतींना महागडा स्पंज चिकटवून अशी खोली बनवतात, हे मी स्वतः घरमालकांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी आत उभं राहून एकदा “सन्माननीय” असं म्हणून पाहिलं आणि प्रसन्न मुद्रेने बाहेर आले.

“म्हणूनच तं मी कापूस विकून नाई राह्यलो,” ते म्हणाले.

खोली मिळाली आणि त्यातूनच नवी अडचण निघाली. कंडेन्सर माइकला त्या छोट्या पेटीतून अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यावे लागतात, हे मी एका संध्याकाळी सहज वाचलं. घरमालक ताडकन उठले.

“करंट? कापसात?”

मी म्हटलं, तो करंट फारच मामुली असतो, त्याने मुंगीसुद्धा मरणार नाही.

“मुंगी नाई मरन, सर. मुंगीले काय कापूस हाये?” त्यांचा आवाज चढला. “अठ्ठेचाळीस व्होल्ट! एक ठिणगी उडाली तं घर, गाणं अन् बोंडअयी तिन्ही जातीन.” त्या क्षणी कंडेन्सर नावाची अर्धी बाजारपेठ बाद झाली. डायनॅमिकच घ्यायचा. घरगुती रॅपसाठी तो सल्ला चोखच होता, आणि जाणकारांनी तो वेगळ्या कारणांसाठी दिला होता. माणूस चुकीच्या रस्त्याने योग्य ठिकाणी पोचला की त्याला रस्ता चुकला असं कोण सांगणार? लॅपटॉपसुद्धा कापसाच्या खोलीत जाणार नाही असं ठरलं. तो बाहेर बैठकीत राहील, वायर दाराखालून जाईल, आत फक्त पल्लवी आणि माइक. काड्यापेटी तर काकूंनी आधीच कपाटात बंद केली होती.

आता एक डायनॅमिक निवडायचा इतकंच उरलं होतं. म्हणून घरमालकांनी जाहीर चाचणी ठेवली.

तीन माइक उसने आणले. एक भजनी मंडळाचा, त्याला उदबत्तीचा वास येत होता. एक लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा, नवा चकचकीत. तिसरा गजूचा. गजू डेकोरेशनवाला, म्हणजे मांडव, खुर्च्या, भोंगे भाड्याने देणारा, आणि घरमालकांचे अर्धे कार्यक्रम त्याच्याच माइकवर झालेले. त्या माइकला डोक्यावर पोचा होता. कुठल्याशा सभेत तो एका नेत्याकडून दुसऱ्या नेत्याकडे फेकला गेला होता म्हणे. परीक्षक तिघं: काकू, गजू आणि मी. निवड निःपक्षपाती व्हावी म्हणून आमच्या डोळ्यांवर दुपट्टे बांधले. कानांनी ऐकण्याच्या परीक्षेत डोळे बांधून काय साधतं, हे मी विचारलं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच निवड समित्यांत उलटी रीत असते, त्यापेक्षा हे बरंच होतं.

आधी स्वागतपर भाषण झालं. मग चाचणीची भूमिका. मग दुपट्ट्याच्या अंधारात मला एकामागून एक तीन रेकॉर्डिंग ऐकू आली. तिन्हीत घरमालकच होते. “उपस्थित सुज्ञ श्रोतेहो,” पहिल्या माइकवर ते म्हणाले. दुसऱ्यावरही तेच म्हणाले. तिसऱ्यावर त्यांनी गजूचा सत्कारही केला.

“तिन्ही तुम्हीच हाये,” काकूंनी दुपट्टा खाली ओढला. “त्यातला कोनता कायले निवडू? एक तं चुकून निवडून बसली.”

गजू म्हणाला, “भाऊ, मले तिन्ही सारखेच वाटले. भारी.”

पल्लवी दारात उभी होती. “रॅप माहा हाये बाबा. आवाज तुमचा काऊन तपासून राह्यले?”

“आधी भारदस्त आवाजानं पाहा लागते,” घरमालक म्हणाले. “रॅप काय, नंतर केव्हाबी घालता येते त्याच्यात.”

ती आत गेली आणि कापसाच्या खोलीचं दार लावून घेतलं. तिथून काही ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता.

निकाल राखून ठेवण्यात आला. दोन माइक परत गेले. गजूचा सीझन मंदा होता म्हणून त्याचा तेवढा पडून राहिला, आणि शेवटी तोच झोक्यात बसला. निवडला म्हणून नव्हे. उसन्या वस्तूला तपास लागत नाही म्हणून. पल्लवीने शनिवारी रात्री तो स्वतः अडकवला. घरमालकांनी ते पाहिलं आणि “सध्यापुरता” असा शब्द वापरून मान्यता दिली.

रविवार मुदतीचा दिवस. गाणं संध्याकाळपर्यंत जायलाच हवं होतं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आदल्याच दिवशी घरमालकांना एकदाचा भाव पसंत पडला होता. दिवाळीपासूनचा सर्वांत वरचा भाव होता तो. त्यांनी व्यापाऱ्याला फोनवर होकार दिला आणि सोमवारी गाडी आणायला सांगितलं. म्हणजे गाणं रविवारी संपवायचं, कापूस सोमवारी जायचा. त्यांच्या मानाने हे नियोजन विजेच्या वेगाचं होतं.

सकाळी रेकॉर्डिंग सुरू झालं. घरमालक बैठकीत लॅपटॉपसमोर बसले, हेडफोन लावून. हे काम त्यांनी कोणाला दिलं नसतं. दार बंद, आत पल्लवी. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर. लॅपटॉपला जोडलेल्या माझ्या जुन्या इअरफोनचं एक टोक माझ्या कानात होतं, दुसरं शेजारी बसलेल्या काकूंच्या. पहिली दोन कडवी दुपारपर्यंत झाली. कापसामुळे तिला खाज सुटली की ती थांबून हात खाजवी, आणि ते खाजवणंही गजूचा माइक ऐके. पण आवाज इतका जवळून आणि इतका स्वच्छ येत होता, की काकू म्हणाल्या, “ही तं माह्या कानात बसून बोलून राह्यली.” दुसरं कडवं असं होतं:

कुलर पाह्यता पाह्यता आलं पावसाचं पानी,
पायना पाह्यता पाह्यता पोरगी झाली शाहानी,
माइक पाह्यता पाह्यता गेला आख्खा हिवाळा,
तपास चालू हाये मंडळी, जमवा गोतावळा!

मी घरमालकांकडे पाहिलं. ते पडद्यावरच्या रेघा पाहत होते. “चांगलं आलं,” ते घरच्या साध्या आवाजात म्हणाले. विनोद त्यांच्यापर्यंत पोचला होता की नाही, सांगता येत नव्हतं.

जेवणं झाल्यावर तिसरं कडवं. ते तिने कोणालाच आधी ऐकवलं नव्हतं. ताल मंदावला आणि ती म्हणाली:

साऱ्या जिल्ह्याचं नाव माहा बाप पुकारते माइकवर,
तलाठ्याचं, सरपंचाचं, जो बसन त्या खुर्चीवर,
पहिल्या रांगेत बसून मी वाट पाह्यली दरसाली,
पुकारते बाप सारे नावं, माहं पुकारलं नाई.

काकूंनी आपल्या कानातलं टोक काढून माझ्या हातात दिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. मला पाहायला कुठेतरी जागा हवी होती, म्हणून मी गिरणीकडे पाहिलं. घरमालकांनी रेकॉर्डिंग थांबवलं. मग उठले, दार बोटभर उघडलं आणि म्हणाले, “पुकारतेचा प फुटला. पुन्हा घे.”

तिने पुन्हा घेतलं. प पुन्हा फुटला. त्यांनी जाळी थोडी पुढे सरकवायला सांगितली. पुन्हा. “बाप”मधला प फुटला. “मान थोडी वाकडी कर, सरळ माइकवर नको मारू.” पुन्हा. प्रत्येक वेळी ती आतून म्हणे, माहं पुकारलं नाई, आणि प्रत्येक वेळी हा माणूस बाहेर डोळे मिटून, डाव्या कानावरचा हेडफोन बाजूला सारून, उजव्या कानाने ते शेवटपर्यंत ऐके आणि मगच दोष सांगे. मला आधी वाटलं, हा ऐकतोय ते फक्त प. पुढे तसं वाटेनासं झालं. प तर कधीचा सुधारला होता.

शेवटी एकदा ती ते अशा काही थकलेल्या, सपाट आवाजात म्हणाली की पुढे सुधारण्यासारखं काही राहिलं नाही. ‘नाई’ म्हणून ती थांबली. तिथे गाण्यात एक मोकळी जागा होती, श्वासाएवढी. त्या जागेत, एवढ्या कापसाच्या पलीकडून, हेडफोनमध्ये एक हॉर्न वाजला.

घरमालकांनी हेडफोन काढले. बाहेर व्यापाऱ्याची गाडी लागली होती. मागे मजूर बसलेले, हातात कापूस भरायच्या रिकाम्या बोऱ्या. मी त्यांच्या मागोमाग ओट्यावर गेलो.

“भाऊ, एक दिवस आधीच आलो,” व्यापारी खाली उतरत म्हणाला. “आताच भरून टाकू. भाव हलून राह्यला. आजचा भाव आज देतो, उद्याचं मले विचारू नका.”

“उद्या येजो.”

“उद्या हा भाव नाई भेटत भाऊ, सांगून ठेवतो. तुम्ही तं दिवाळीपासून थांबले याच्यासाठी.”

हे खरं होतं. खोली उघडली असती आणि कापूस निघायला लागला असता, तर तासाभरात ती घुमायला लागली असती, आणि उरलेलं कडवं वेगळ्याच घरात म्हटल्यासारखं वाटलं असतं. संध्याकाळ व्हायला फार वेळ नव्हता. घरमालकांनी गाडीकडे पाहिलं, बोऱ्यांकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो की ते आता विचार करतो म्हणतील, दोन तासांनी फोन करतो म्हणतील. ज्या माणसाने कुलरसाठी इतके उन्हाळे घालवले, त्याला दोन तास म्हणजे काहीच नव्हतं.

“पोरगी गाऊन राह्यली आत,” ते म्हणाले. “गाडीचं इंजिन बंद कर आधी. चहा घ्याचा असन तं घे, नाई तं जा. कापूस आज हलत नाई.”

“अन् भाव?”

“भाव पडन तं पडू दे.”

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, जणू घरात शिकलेला माणूस मीच आहे आणि मी काही करायला हवं. मी त्याला चहा विचारला. त्याने घेतला नाही.

घरमालक परत आत येऊन बसले तेव्हा पल्लवी दारातून डोकं बाहेर काढून म्हणाली, “मधात हॉर्न आला बाबा. पुन्हा घेऊ का ती ओळ?”

“नाई,” ते म्हणाले. “राहू दे. पुढचं घे.”

गाणं सूर्य मावळायच्या सुमारास गेलं. सोमवारी भाव उतरला, मंगळवारी आणखी उतरला. घरमालकांनी चौकात सांगितलं की आपण तपास केला आहे, भाव पुढे चढणार आहे. तो चढला नाही. कापूस चैत्र उलटेपर्यंत घरात राहिला आणि आम्ही सगळे, वरच्या मजल्यावरचा मीसुद्धा, हातपाय खाजवत राहिलो. काकूंना पूर्ण हकिकत गिरणीवर कळली. “जल्मात एकदा बिनतपासाचं काही केलं,” त्या दंड खाजवत म्हणाल्या, “ते बी घाट्याचं.” पण त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत, आणि पल्लवीला त्यांनीच सांगितलं.

पहिल्या फेरीत पल्लवीची निवड झाली. दुसरीत झाली नाही. बी.एड.चा अर्ज मात्र कोणी भरला नाही, कारण तोवर नागपूरच्या दोन पोरांनी तिला त्यांच्यासोबत गाणी करायला बोलावलं होतं. ती आता तिकडेच असते.

माझी बदली झाली त्या वर्षी मी सामान बांधत असताना खाली पाहुणे आले होते, आर्वीकडचे कोणी दूरचे नातलग. घरमालकांनी त्यांना बैठकीत बसवलं आणि स्वतः उभे राहिले. हातात काही नसताना त्यांनी हात माइक धरल्यासारखा छातीशी आणला. “आता आपल्यासमोर सादर होत आहे,” ते म्हणाले, आणि मग थांबे घेत, चढउतारांनी, एकही अक्षर न गिळता त्यांनी लेकीचं संपूर्ण नाव पुकारलं, बी.एस्सी. या पदवीसह, आणि शेवटी, किंचित घसा खाकरून, “उपाख्य बोंडअळी.” पाहुण्याच्या कानांवर त्यांनी स्वतः हेडफोन चढवले.

पाहुणा ऐकत होता. घरमालक त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. गाणं कुठवर आलं हे त्यांना हेडफोनशिवायही कळत असावं, कारण तिसऱ्या कडव्याच्या शेवटी त्यांनी बोट वर केलं.

“इथी. आला का हॉर्न?”

“हाव, आला,” पाहुणा म्हणाला. “कोनाचा होय?”

“गाडी होती एक,” घरमालक म्हणाले. “गेली.”